दिवेलागणीचा पत्ता

आमच्या भागात पत्ता सांगायला वेळ काढावा लागतो. माझी मेहुणी कुंभिवलीला हमरस्त्यालगत दुकान चालवते. पोह्याचे पापड, मिरगुंडं, घरचा तांदूळ, मोसमात जांभळं आणि करवंदं. तिला कुणी फोनवर दुकान कुठे आहे असं विचारलं की ती आधी विचारते, "तुमी कुठनं येताय?" मग येणाऱ्याच्या दिशेप्रमाणे पत्ता बदलतो. खोपोलीकडून येणाऱ्याने पेट्रोलपंप डाव्या हाताला ठेवायचा असतो, आणि पनवेलकडून येणाऱ्याला पंप दिसला तर त्याने आपण पुढे गेलो असं समजायचं असतं. एवढं समजावून झाल्यावर ती म्हणते, "आनि नाय सापडलं तर कुनालाबी माजं नाव सांगा." या एका वाक्याने आधीचं सगळं निकालात निघतं. पण ते आधीचं सांगितल्याशिवाय ती या वाक्यापर्यंत येत नाही.

या पद्धतीने कुणी हरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे माझ्या भाचीने तिच्या कामातला पत्ता पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो सुरू कुठून होतो हेच मला कळेना. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, लहान आणि मोठी, मधे जागा नाही, विराम नाही. पूर्वी छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांचा खण हातातून निसटला की जमिनीवर जे दिसायचं, ते कुणी उचलून ओळीत लावावं तसं ते होतं.

ही गोष्ट आमची ही गेली त्यानंतरच्या पावसाळ्यातली. ही म्हणजे माझी पत्नी, कुंभिवलीच्या मेहुणीची थोरली बहीण. मी कर्जतला शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ती गेल्यावर घरात बोलणारं कुणी उरलं नाही, कारण आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडेच होतं. मग एक दिवस ठाण्याहून भाची दोन बॅगा घेऊन आली. तिच्या खोलीवर नेट नीट चालत नाही, म्हणून काही दिवस इथून काम करते म्हणाली. आमच्याकडे तेव्हा नेट नव्हतंच. ते तिने आल्यावर बसवून घेतलं. माझ्यावर लक्ष ठेवायला तिला तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, पाठवलं आहे हे मला कळलं होतं, आणि मला ते कळलेलं नाही अशी तिची समजूत होती. मी ती मोडली नाही.

भाची एका लहानशा कंपनीत आहे. क्रिप्टोकरन्सी, म्हणजे कुठल्याही बँकेचं नव्हे तर संगणकांच्या जाळ्यातच नोंदलेलं नाणं, एवढं तिने मला समजावलं. त्यापुढचं तिने दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान डोलावली. एकाने दुसऱ्याला नाणं पाठवायचं तर तो खिळ्यांचा ढीग लागतो. बहुतेक माणसं तो उचलून चिकटवतात. पण समोरच्याला तोंडाने सांगायचा झाला तर? भाचीने प्रयोग केला. ती स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली आणि मी बाहेरच्या खोलीतून वाचायला लागलो. मोठा बी, लहान क्यू, सात, मोठा एक्स. अर्ध्यावर आलो तेव्हा आतून विचारणा झाली की मामा, शून्य की ओ? मी म्हटलं, गोल आहे.

तिच्या कंपनीने यावर इंग्रजीत तोडगा काढला होता. खात्याला अक्षरांऐवजी सहा साध्या शब्दांचा पत्ता द्यायचा. त्यातले पाच शब्द पत्त्याचे, आणि सहावा आधीच्या पाचांवरून संगणकाने काढलेला. कुठे चूक झाली तर सहावा शब्द जुळत नाही आणि पडद्यावर लाल रेघ येते. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण आमच्या लहानपणी गुणाकार झाल्यावर ताळा करून बघायचे, तसाच हा ताळा होता. भाचीने तेव्हापासून सहाव्याला ताळ्याचा शब्द म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कंपनीतही तो तसाच म्हटला जाऊ लागला, असं ती सांगते.

मराठी शब्दांचीही यादी करावी हे तिचं म्हणणं होतं. कंपनीत ते फारसं कुणाला पटलं नव्हतं. तिच्या साहेबांनी मात्र एक संधी दिली. यादी पुरी करायची आणि दिवाळीनंतर दोन साध्या माणसांना फोनवरून एकमेकांना पत्ता सांगायला लावायचा. बरोबर पोचला तर यादी ठेवू, नाही तर इंग्रजीवर भागवू आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. भाची हे सांगताना हसली, पण त्या आठवड्यात ती नखं खात होती. ही यादी तिने भांडून मिळवली होती.

तर शब्द हवे होते, दोन हजारांच्या वर. तिला वाटलं की हे काम मामाला द्यावं, म्हणजे मामा कामात राहील. मलाही तसंच वाटलं.

नियम तिने घालून दिले. शब्द लहान हवा. सगळ्यांना ठाऊक हवा. दुसऱ्या शब्दासारखा ऐकू येता कामा नये, म्हणून वारा घेतला की वाडा सोडायचा. माणसांची नावं नकोत. शिव्या नकोत. आणि जोडाक्षरं नकोत, कारण फोनवर ती लिहिताना लोक अडतात. या शेवटच्या नियमाने मृत्यू, स्वर्ग आणि श्राद्ध आपोआप बाद झाले. आयुष्यभर मी मुलांना जोडाक्षरं घोटायला लावली, आणि आता त्यांच्यावाचून माझं काही अडत नव्हतं.

मी चिठ्ठ्यांवर शब्द लिहायचो. जेवणाच्या टेबलाची एक बाजू त्यांची झाली. पंखा लावता येईना, म्हणून ऐन भादव्यातल्या उकाड्यात आम्ही घाम पुसत बसायचो. ताक, पायरी, उशी, घागर, मोर, हळद. लिहिताना मला दर शब्दाला एकेक माणूस आठवायचा, म्हणून काम हळू चालायचं. भाचीला वाटे मी विचार करतोय.

एक शब्द मात्र आमच्यात पुढेमागे होत राहिला. मरण. त्यात जोडाक्षर नाही, तीन अक्षरं, सगळ्यांना ठाऊक. नियमात चपखल बसत होता म्हणून मी लिहिला. संध्याकाळी बघतो तर चिठ्ठी ढिगात नाही. भाचीने काढून घेतली असणार. मी दुसरी लिहिली. तीही गेली. मी लिहीत राहिलो आणि ती काढत राहिली.

पत्ता सांगणारी दोन साधी माणसं म्हणून मेहुणी आणि तिची लेक ठरल्या. लेक पळसदरीला दिली आहे. शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या लोकांना घरचं जेवण करून देते. मेहुणीने पत्ता वाचायचा, लेकीने ऐकून लिहायचा. नाणी खेळातली, त्यांची किंमत काही नाही, असं भाचीने आधीच सांगून टाकलं. मेहुणी म्हणाली की मग मला ती जास्त द्या.

सराव दुपारी व्हायचा, कारण दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नसतं. पहिल्या पत्त्याचे चार शब्द तिने वाचले आणि विचारलं, "डोंगर, ताक, खुर्ची, मोर. दाजी, हा पत्ता हाय का जेवनाचं आमंत्रण?" पण तिला ते आवडलं. ती ठसक्यात, एकेक शब्द ठेवल्यासारखी वाचायची. लेकीने पहिल्या दिवशी मात्र घोळ घातला. आईने खुर्ची म्हटलं की ती आईचं बोलणं सुधारून बाक लिहायची, कारण दुकानात बाक होता आणि खुर्ची नव्हती. खुर्ची जोडाक्षरासकट यादीत कशी शिरली हे मला तेव्हा दिसलं आणि मी तिला गुपचूप काढलं. भाचीने लेकीला बजावलं की ऐकलं तेच लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही. हे तिने इतक्या वेळा बजावलं की शेवटी लेक म्हणाली, "बरं गं बाई, नाय चालवत. हाय कुठं तशी पन."

त्यानंतर दुपारमागून दुपार पत्ते बिनचूक पोचत राहिले. विंचू, घुबड, साप, मेहुणीने सगळं खणखणीत वाचलं. भाचीची नखं वाढली.

प्रत्यक्ष दाखवायची वेळ संध्याकाळची ठरली. साहेब बंगळुरूला, त्यांना दिवसभराच्या कामातून तेव्हाच सवड होती. कार्तिकातला दिवस, लवकर कलणारा. भाची लॅपटॉपसमोर बसली आणि मी तिच्या मागे, पडद्यात दिसणार नाही असा, स्टुलावर. पडद्यावर साहेब आणि त्यांचा एक तरुण सहकारी होते, एका चौकटीत मेहुणी आणि दुसऱ्या चौकटीत पळसदरीच्या लेकीचा फोन, म्हणजे ती काय लिहिते ते सगळ्यांना दिसावं.

मेहुणीच्या फोनवर पत्ता आला. तो आम्हालाही दिसत होता. विहीर, साप, झोका, लिंबू, तवा, घागर.

तिने वाचला. "विहीर. जनावर. झोका. लिंबू. तवा. घागर."

लेकीने लिहिलं, विहीर, जनावर. जनावर हाही शब्द यादीत होता, मीच घातला होता, त्यामुळे फोनने तो घेतला. शेवटी घागर लिहिताच लाल रेघ आली. ताळा जुळत नव्हता.

भाची शांतपणे म्हणाली की होतं असं, मावशी पुन्हा वाचतील. मावशींनी पुन्हा वाचलं. पुन्हा जनावर, पुन्हा लाल रेघ.

"मावशी, दुसरा शब्द काय लिहिलाय बघा."

"तेच वाचतेय."

"तेच म्हणजे काय?"

"अगं तेच. लांबडं."

लेकीने लांबडं लिहायला घेतलं. फोनने ते यादीत नाही म्हणून सांगितलं. आई काय म्हणते हे लेकीला कळलं नसेल असं नाही. पण तिला अक्कल चालवायची नाही असं सांगितलेलं होतं, आणि ती दिलेला शब्द पाळत होती.

तो तरुण सहकारी साहेबांना इंग्रजीत म्हणाला की शब्द वाचायला कठीण असावेत. भाचीच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. ती हळूच पुटपुटली की काल दुपारी तर नीट वाचलं होतं. आणि तेव्हा माझं लक्ष मेहुणीच्या चौकटीकडे गेलं. तिच्या मागे फळीवर देवाची तसबीर आहे. तिच्यापुढची समई नुकतीच लावलेली होती. वात अजून थरथरत होती.

दिवे लागल्यावर ती त्याचं नाव घेणार नव्हती. दुपारी घेईल, हसत घेईल. आता नाही. हिनेही कधी घेतलं नाही. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं, ती रात्री जनावर म्हणाली की मी गाय समजत होतो. भाचीने आणखी एकदा विचारलं असतं तर मेहुणीने फोन ठेवला असता, आणि मी तिच्या बाजूने असतो.

अशा बैठकींत मी कधी बोललो नव्हतो. मी स्टूल पुढे ओढलं आणि शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की बाईंचं चुकलेलं नाही, यादी चुकली आहे, आणि यादी मी केली आहे. भाचीने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की मामाने आपल्या हाताने नाव बुडवली.

साहेबांनी विचारलं, पण त्या तो शब्द का म्हणत नाहीत?

मी म्हटलं, संध्याकाळी नाव घेतलं की तो येतो.

सहकारी हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले की त्यांच्या गावी आजी दिवे लागल्यावर त्याला किडा म्हणायची, आणि लहानपणी ते किड्याला घाबरायला शिकले, सापाला नंतर. मग त्यांनी विचारलं, असे आणखी किती शब्द आहेत?

मी म्हटलं की विचारावं लागेल.

ते म्हणाले, विचारा. पण यादी पुरीच्या पुरी लागेल, एकही कमी चालणार नाही. एक आठवडा देतो, आणि पुन्हा करू तेही संध्याकाळीच. या वेळी चुकलं तर मात्र थांबवू.

मेहुणी हे सगळं ऐकत होती. इंग्रजी असल्यामुळे तिला कंटाळा आला असावा. "झालं का वं? गिऱ्हाईक उभं हाय माजं," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पापड मोजायला गेली.

ती दोन दिवसांनी कर्जतला आली ती मुक्कामाच्या तयारीने. येताना तांदळाची पिशवी, सुकट आणि माझ्यासाठी मऊ भाकऱ्या. टेबलापाशी बसून तिने बाही वर सारली आणि चिठ्ठ्या निवडायला घेतल्या, तांदूळ निवडतात तशा. दर चिठ्ठी उचलायची, लांब धरून वाचायची, आणि एक तर ताटात टाकायची नाही तर जमिनीवर.

साप गेला. घुबड गेलं. मांजर गेलं, कारण आडवं जातं. कुलूप गेलं, कारण दुकानाच्या पत्त्यात कुलूप आलं तर धंदा काय करायचा. कावळा मी स्वतःच बाजूला करत होतो, दहाव्याचा दिवस माझ्या मनातून अजून गेला नव्हता. तिने तो माझ्या हातातून घेऊन ताटात टाकला. कावळा ओरडला की पाहुणे येतात, पाहुणे आले की पापड खपतात. राखही तिने ठेवली. कडधान्याला राख नाही चोळली तर पोरकिडे लागतात, मास्तरांना काय ठाऊक. उधार मात्र तिने फाडूनच टाकला. मी तिला म्हटलं की असं करत गेलं तर यादीत फक्त हळद आणि कुंकू उरेल. ती म्हणाली, "कुंकू नको, ते सांडतं."

प्रत्येक गोष्टीत ती बरोबर होती असं नाही. पालीवरून आमचं चांगलं वाजलं. मी म्हणालो पाल घरोघरी असते, ती म्हणाली म्हणूनच. मोरीवरून ती हटली नाही आणि मीही नाही, आणि बोका ठेवून मांजर काढण्याचं कारण तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

मग तिच्या हातात मरण आलं. माझीच चिठ्ठी, कितवी तरी, भाचीच्या नजरेतून निसटलेली. भाचीने घाईने हात पुढे केला. मी चष्मा पुसायला काढला.

मेहुणीने चिठ्ठी वाचली आणि सहज ताटात टाकली.

"मावशी, ती नको," भाची म्हणाली.

"का गं? मरनाचं ऊन, मरनाचं काम, रोज धा येळा म्हंतो आपन. त्यानं कोन मेलंय?" मग माझ्याकडे न बघता, पुढची चिठ्ठी उचलत ती म्हणाली, "ताई तर दाजींना काय म्हनायची ठाव हाय ना. मरनाचा वाचतो गं हा मानूस, ताट वाढलं तरी डोकं वर नाय."

मला हसू आलं. ते आलं हे माझ्या आधी त्या दोघींना कळलं असावं, कारण दोघीही एकदम चिठ्ठ्यांमध्ये डोकं घालून बसल्या. मी बराच वेळ चष्मा पुसत होतो. ताटात मरण होतं, कावळ्याशेजारी, आणि तो दिवस मला बरा गेला.

आता खड्डा भरायचा होता. जमिनीवर चिठ्ठ्यांचा सडा पडला होता आणि तेवढेच नवे शब्द हवे होते. आम्ही एक पद्धत ठरवली. शब्द मी सांगायचा. भाची आणि मेहुणी दोघींनाही तो एकदम कळला पाहिजे, नाही तर बाद. मी कणगी म्हटलं. मेहुणीने मान हलवली, भाचीने विचारलं कणगी म्हणजे काय. बाद. मी इरलं म्हटलं. बाद. मी कनात म्हटलं तर दोघीही माझ्याकडे बघत राहिल्या. उलट भाचीने टेंपो म्हटलं आणि मेहुणी म्हणाली, हाय की, आपलाच हाय. लोकल, पाकीट, बाटली, सगळं एका दमात पास. मराठीचा मास्तर असून मी टेंपो यादीत घातला. हाताने लिहिला. शाळेतले माझे जुने विद्यार्थी कधी ही यादी बघतील तर त्यांनी समजून घ्यावं.

जेवताना मेहुणीने भाचीला विचारलं, की एवढं निवडूनही एखादा नकोसा पत्ता आला तर? घ्यायचाच का? भाचीने सांगितलं की पत्ता संगणक ठरवतो, तो आपोआप येतो.

"आपोआप म्हंजे? सून बगताना पन आमी एक बगून हो म्हनत नाय. नाय आवडला, दुसरा दाखव."

भाचीचा घास हातात राहिला. ती जेवण अर्धं टाकून उठली. पत्ता कायमचा नोंदला जाण्याआधी खाली एक बटण दिसेल, दुसरा दाखवा, अशी सोय तिने करायला घेतली. त्याने आत काही बिघडत नव्हतं, फक्त आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मेहुणीने तिचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली की तुमच्या घरात जेवताना उठायची रीतच हाय.

दुसरी संध्याकाळ आली. पुन्हा त्याच चौकटी, मेहुणीच्या मागे तीच समई. या वेळी मी भाचीच्या शेजारी बसलो होतो. मेहुणीला सांगितलं होतं की पत्ता येईल, पसंत असेल तर वाचायचा, नसेल तर बटण.

पहिला आला. तिने तो मनातच वाचला आणि बटण दाबलं. साहेबांनी विचारलं काय झालं. भाचीने विचारलं. "मुंगी हाय त्यात. मालाला मुंग्या लागतील."

दुसराही गेला, त्यात झोप होती, आणि दुकानात बसून झोप कशाला. पुढच्यात काहीच वाईट नव्हतं, पण तो जिभेला लांब लागतो म्हणाली. त्याच्या पुढच्यात मोरी होती; ती मीच हट्टाने ठेवली होती, आणि तिने माझ्या चौकटीकडे रोखून पाहिलं. भाचीने टेबलाखाली माझा हात धरला होता. तरुण सहकारी घड्याळाकडे बघू लागला. साहेब मात्र पुढे सरकून बसले होते. साड्यांच्या दुकानात बायकोबरोबर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेळ अशी येते की त्याची घाई संपते आणि त्यालाही उत्सुकता वाटायला लागते. तसे ते बसले होते.

शेवटी मेहुणी थांबली. तिने मान मागे घेऊन फोन नीट धरला.

"हा चालंल. हळद हाय. टेंपो बी हाय, माल जाईल." आणि एका श्वासात वाचला, "मोर, ताक, पायरी, हळद, उशी, टेंपो."

लेकीने एकेक शब्द लिहिला. तिची बोटं दिसत नव्हती, पण शब्द थांबत थांबत उमटत होते. ताळ्याचा टेंपो लिहिला आणि रेघ हिरवी झाली.

पहिली बोलली ती मेहुणी. "आता सायबांचा सांगा म्हनावं. मला पाठवायचं पन शिकवलंय हिनं."

भाची गोंधळली. हे ठरलेलं नव्हतं. तिने अदबीने साहेबांना सांगितलं. त्यांनी आपला फोन उचलला, यादी मराठी केली, थोडा वेळ काहीतरी दाबत राहिले. त्यांनीही दोनतीन पत्ते परत पाठवले असावेत. मग त्यांनी एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. देवनागरी त्यांना हिंदीपुरती येत होती. मेहुणी एका बोटाने लिहीत होती. संपल्यावर तिने हाताची बोटं मोजली.

"पाचच झाले. एक खाल्लात. परत सांगा, घाई नको."

भाचीने हे भाषांतर करून सांगताना एक खाल्लात गाळलं. साहेबांनी पुन्हा वाचलं, आता दर शब्दानंतर थांबून, आणि दर शब्दाला मेहुणी हूं म्हणत गेली, पाढे म्हणणाऱ्या पोराला म्हणतात तसं. हिरवी रेघ आली. तिने एक खेळातलं नाणं पाठवलं. बंगळुरूला कुठेतरी घंटा वाजली आणि साहेब हिंदीत म्हणाले, मिल गया. मग भाचीला इंग्रजीत म्हणाले की मराठी यादी पुढच्या आवृत्तीत जाऊ दे, आणि ते दुसरा दाखवा सगळ्या भाषांना लाव.

पडदा बंद झाल्यावर भाचीने डोकं टेबलावर, उरलेल्या चिठ्ठ्यांवर टेकलं. उठली तेव्हा तिच्या कपाळाला लिंबू चिकटलं होतं. तिने आईला फोन लावला, मग मैत्रिणीला, मग आणखी कुणाला, आणि घर बोलण्याने भरलं. मधेच तिला आठवलं की मामाचं खातं राहिलंच. तिने आपला फोन माझ्या हातात दिला, पत्ता आलेला होता, पसंत असेल तर हो म्हणायचं, आणि ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली.

मी पत्ता वाचला. त्यात नापसंत करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बटण दाबलं. दुसरा आला. तोही वाचला, पुन्हा दाबलं. दर वेळी सहा शब्द, आणि पुढे काय येईल ते सांगता येत नव्हतं. आतून भाचीने विचारलं की मामा, ठरला का? मी म्हटलं, बघतोय. भाताला शिटी झाली, ताटं आली, आमटी वाढली गेली. माझं डोकं खाली होतं.